संगीताची वर्गणी

दोस्तांनो, अँथनी गोन्साल्विस हे नाव ऐकलंय का तुम्ही? ऐकलंयच! भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येणारा, डोक्यावर उंच टोपी घातलेला अमिताभ बच्चन लगेच तुमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला असेल. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या सिनेमातलं ते गाणं घरात नुसतं आठवून बघा, आई-बाबा, आजी-आजोबा सगळे गुणगुणायला लागतील.

पण हे नाव एका खऱ्याखुऱ्या माणसाचं होतं, हे तुमच्या घरात कितीजणांना ठाऊक आहे?

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातल्या माजोर्डा गावी झाला. तरुणपणी ते मुंबईला आले आणि सिनेमाच्या गाण्यांमध्ये व्हायोलिन वाजवू लागले. गाण्याची चाल संगीतकार बांधतो. पण त्या चालीभोवती कुठे व्हायोलिनं वाजतील, कुठे बासरी, कुठे ट्रम्पेट, हे ठरवून कागदावर लिहून काढणारा माणूस वेगळा असतो. त्याला म्हणतात अरेंजर. हे कामही ते करत. शिवाय ते व्हायोलिन शिकवत. त्यांच्याकडे शिकलेला एक मुलगा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला प्यारेलाल म्हणून प्रसिद्ध झाला. ‘अमर अकबर अँथनी’चं संगीत याच जोडीचं. शिष्यानं गुरूचं नाव गाण्यात गुंफून त्यांना असा नमस्कार केला. आहे ना गंमत?

आता या गोष्टीतला दुसरा भाग ऐका. गोन्साल्विस मास्तरांच्या मनात एक स्वप्न होतं. आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचे. त्यासाठी १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम झाला. शंभराहून अधिक वादक आणि गायला साक्षात लता मंगेशकर आणि मन्ना डे! सारंग, तोडी असे राग घेऊन त्यांनी या वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या होत्या.

मग तो ऑर्केस्ट्रा आज कुठे आहे? कुठेच नाही. तो फार काळ टिकला नाही. १९६५ च्या सुमारास मास्तर अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले, नंतर गोव्यात परतले आणि २०१२ साली वारले. त्यांचं नाव घराघरात पोचलं, पण त्यांचं संगीत नाही.

असं का होतं? एवढी मोठी मुंबई, एवढे गुणी वादक, तरी संगीत मधेच का थांबतं? आज आपण हेच शोधणार आहोत. आणि हो, यात तुमचंही एक काम आहे, बरं का!

एक साखळी तुटते तेव्हा

त्याच्याही आधीची गोष्ट. मेहली मेहता नावाचे एक पारशी गृहस्थ मुंबईत राहत. व्हायोलिन ते बरंचसं आपलं आपणच शिकले होते. १९३५ साली त्यांनी ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ सुरू केला. त्यात कोण कोण असायचं? हौशी पारशी मंडळी, नौदलाच्या बँडमधले वादक आणि हॉटेलांत व फिल्म स्टुडिओत वाजवणारे गोवेकर. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून मुलांना संगीत शिकवलं जाई. म्हणून गोव्यातली माणसं कागदावरचे स्वर आपण पुस्तक वाचावं तसे भराभर वाचत.

मेहलीभाईंच्या घरात सतत तालमी चालत. त्या ऐकत एक मुलगा लहानाचा मोठा झाला. १९३६ साली जन्मलेला हा मुलगा म्हणजे झुबिन मेहता! १९५४ साली तो शिकायला व्हिएन्नाला गेला. पुढे त्यानं लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या नामवंत वाद्यवृंदांचं संचालन केलं आणि तो जगप्रसिद्ध झाला.

पण १९५५ साली मेहलीभाईही परदेशी गेले आणि त्यांच्यामागे मुंबईचा तो ऑर्केस्ट्रा उभा राहू शकला नाही. त्यानंतर मुंबईत व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे ज्यात वाजवणं हेच वादकांचं पोटापाण्याचं काम आहे असा वाद्यवृंद, केव्हा आला? थेट २००६ साली! नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या संस्थेत खुश्रू संतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ सुरू केला. मेहलीभाईंचं जाणं आणि हा नवा ऑर्केस्ट्रा यांत तब्बल ५१ वर्षांचं अंतर आहे.

या नव्या ऑर्केस्ट्रात बरेचसे वादक परदेशातून आणावे लागले. का बरं? विचार करा. ऑर्केस्ट्रा नाही, म्हणून वादकाला काम नाही. काम नाही, म्हणून ते वाद्य शिकायला मुलं येत नाहीत. मुलं नाहीत, म्हणून शिकवणारे मास्तर उरत नाहीत. आणि मास्तर नाहीत, म्हणून नवा ऑर्केस्ट्रा काढायला वादक मिळत नाहीत! सिनेमाच्या गाण्यांनी बरीच वर्षं पुष्कळ वादकांना काम दिलं. पण १९८० नंतर सिंथेसायझर आले, एकाच यंत्रातून वीस व्हायोलिनांचा आवाज निघू लागला आणि तेही काम कमी होत गेलं.

संगीताची अशी ही साखळी असते. एक कडी निसटली, की ती पुन्हा जोडायला एक अख्खी पिढी लागते. म्हणूनच एनसीपीएनं ऑर्केस्ट्राच्या जोडीला मुलांना शिकवण्याचीही सोय केली. त्याचं फळ एकदम दिसत नाही. पण एक गोष्ट बघा. याच ऑर्केस्ट्रासाठी मुंबईच्या माहीममध्ये वाढलेल्या उस्ताद झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांनी तबला आणि वाद्यवृंद यांची ‘पेशकार’ ही रचना केली. २०१५ साली ती मुंबईत सादर झाली आणि २०१९ साली हा ऑर्केस्ट्रा ती घेऊन इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. गोन्साल्विस मास्तरांनी १९५८ साली जे स्वप्न पाहिलं होतं, त्याच वाटेवरचं हे पाऊल नाही का?

न आटणारा अर्धा तास

आता थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे!

दोनशे वर्षांपूर्वी एक विणकर हातमागावर दिवसभर राबायचा, तेव्हा थोडंसं कापड तयार व्हायचं. आज यंत्रावर तेवढं कापड चुटकीसरशी होतं. म्हणून कामगाराचा पगार वाढला, तरी कापड त्या मानानं स्वस्तच राहतं. पण बीथोवेननं चार वादकांसाठी लिहिलेली अर्ध्या तासाची रचना वाजवायला त्या काळी चार माणसं आणि अर्धा तास लागायचा. आज? आजही चार माणसं आणि अर्धाच तास! भराभरा वाजवून पंधरा मिनिटांत उरकली तर चालेल का? आपल्याकडे तेच. यमनचा विलंबित ख्याल ‘फास्ट’ करून वेळ वाचवता येत नाही.

बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली हा मुद्दा मांडला. बाकीच्या जगात यंत्रांमुळे कामं झटपट होतात आणि पगार वाढत जातात. वादकालाही घर चालवायचं असतं, त्यामुळे त्याचंही मानधन वाढावंच लागतं. पण त्याचं काम काही झटपट होत नाही. म्हणून प्रत्यक्ष वाजवलेलं संगीत दरवर्षी अधिकाधिक महाग पडत जातं. ऐंशी वादकांचा ऑर्केस्ट्रा नुसत्या तिकिटांवर चालवणं म्हणूनच कठीण. त्याला देणगीदार लागतात, संस्था लागतात, सरकारची मदत लागते.

बरं, ऑर्केस्ट्रा राहू द्या. तुमच्या कॉलेजातल्या दादाचा पाचजणांचा बँड घेऊ. समजा, त्यांनी एक छोटा हॉल घेतला. भाडं ८,००० रुपये, स्पीकर आणि माइक ५,००० रुपये, सामान नेण्या-आणण्याचा टेम्पो २,००० रुपये. एकूण १५,०००. तिकीट २०० रुपये. शंभर माणसं आली, तर २०,००० रुपये जमले. खर्च वजा जाता राहिले ५,०००, म्हणजे प्रत्येकाला १,००० रुपये. महिनाभराच्या तालमीचे!

आणि शंभरऐवजी चाळीसच आली तर? जमले ८,०००. म्हणजे ७,००० रुपये खिशातून घालायचे, प्रत्येकी १,४००. असं दोन-तीनदा झालं, की एक गिटार विकायला निघते आणि एकजण म्हणतो, ‘‘जाऊ दे रे, मी नोकरीच बघतो.’’

पाहिलंत? बँड राहतो की मोडतो, हे ठरवणारी ती साठ माणसं कुणी बडी असामी नसतात. ती तुमच्या-आमच्यासारखीच असतात. त्या संध्याकाळी ती घरी बसली, एवढंच.

रंगभवन का गप्प झालं?

पैशाइतकीच आणखी एक गोष्ट लागते. जागा!

मुंबईत धोबीतलावजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे. १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव इथे सुरू झाला आणि देशोदेशीचे जॅझ वादक मुंबईकरांसमोर वाजवून गेले. १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं. कॉलेजची मुलं गिटारी घेऊन इथे यायची आणि हजारो पोरं त्यांना डोक्यावर घ्यायची. तोवर बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवत. पण १९८४ साली स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या बँडनं १९८८ साली स्वतः रचलेल्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. स्वतःचं गाणं म्हणायला धीर लागतो आणि तो धीर समोरची गर्दी देते.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरलं. रंगभवनच्या आसपास तर हे सगळंच आहे! पुढच्या काही वर्षांत तिथले कार्यक्रम बंद पडले.

आता सांगा, चूक कुणाची? रुग्णालयातल्या आजीला शांत झोप हवीच. आणि गिटार वाजवणाऱ्या मुलाला जागाही हवीच. दोघांचंही खरं आहे. पण एक जागा बंद झाली, तर तिच्याऐवजी दुसरी, आवाज बाहेर न जाणारी बंदिस्त जागा शोधायची जबाबदारी कुणाची? ती शहराची, म्हणजे आपल्या सगळ्यांची. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं आणि नव्या बँडना मोठाच आधार मिळाला. पण २०१६ साली तेही बंद झालं. जागा गेली, की गाणी बेघर होतात.

जे टिकलं, ते कसं टिकलं?

छे! सगळं रडगाणंच ऐकवणार की काय, असं म्हणू नका. आता टिकलेल्याची गोष्ट.

तुमच्यापैकी कितीजणांनी गाण्याची किंवा तबल्याची प्रारंभिक, प्रवेशिका अशी परीक्षा दिलीय? करा हात वर! ही परीक्षा तुमच्यापर्यंत कशी पोचली माहीत आहे? पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याआधी चांगल्या गवयाला बहुधा एखाद्या राजाचा आश्रय लागे. पलुस्करांनी सामान्य माणसांसाठी शाळा काढली आणि तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केले. १९०८ साली ते मुंबईत आले. इथे त्यांनी मोठी इमारत उभारली, पण कर्जापायी ती हातची गेली.

मग सगळं संपलं का? मुळीच नाही! कारण तोवर त्यांचे शिष्य गावोगाव पसरले होते. त्या सगळ्यांनी मिळून १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. इमारत गेली, पलुस्कर त्याच वर्षी गेले, पण काम चालूच राहिलं. कारण ते आता एकट्याच्या खांद्यावर नव्हतं.

हेच तर खरं गुपित आहे, दोस्तांनो! एकाच माणसाच्या खांद्यावर उभं असलेलं संगीत तो माणूस गेला की खाली बसतं. पुष्कळ खांद्यांवर असलेलं संगीत चालत राहतं. मुंबईतली संगीत मंडळं बघा. दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, सबर्बन म्युझिक सर्कल अशा संस्था सभासदांच्या बळावर उभ्या राहिल्या. सभासदांनी वर्षाची वर्गणी भरायची आणि सर्वांनी मिळून गाणं ऐकायचं.

वर्गणी हा शब्द तुम्हाला काही नवा नाही. १८९३ पासून आपण सार्वजनिक गणपती बसवतोय तो वर्गणीवरच. कुणी एकवीस रुपये देतं, कुणी एक हजार. कुणी पैसे देत नाही, पण मखर करायला रात्रभर जागतं. कुणाच्या घरून शिरा येतो. कुणीच एकट्यानं गणपती आणत नाही, पण गणपती येतो! संगीताचंही अगदी तसंच आहे.

गल्लीतलं संगीत

आणि गणपती म्हटलं की बेंजो पार्टी आलीच! मिरवणुकीतला तो बेंजो म्हणजे खरं तर बुलबुलतरंग, त्याला विजेची जोड दिलेली. तो वाजवणारा दादा वर्षभर दुसरीकडे कुठेतरी नोकरी करत असतो आणि रात्री तालीम करतो. त्याच्या तालावर आपण तासन्‌तास नाचतो. पण त्याचं नाव विचारलंय कधी?

लग्नातल्या बँडवाल्यांचं काय? क्लॅरिनेट, ट्रम्पेट ही तर ऑर्केस्ट्रातलीच वाद्यं. ऊन असो की पाऊस, ते जाडजूड गणवेश घालून चालत चालत वाजवतात. आपला पोलीस बँडही विसरू नका. मुंबई पोलीस बँडची ‘खाकी स्टुडिओ’ या नावानं सादर केलेली गाणी २०२२ साली लाखो लोकांनी मोबाइलवर पाहिली. आणि वांद्र्याला समुद्रकाठच्या रस्त्याला ‘बँडस्टँड’ का म्हणतात माहितीये? पूर्वी संध्याकाळी बँड वाजवायला शहरात असे खास चौथरे असायचे, त्यावरून! कूपरेजच्या बागेत असा एक बँडस्टँड आहे. गेलात तर नक्की बघा.

नवं संगीतही गल्लीतूनच येतं. २०१४ साली कुर्ल्याच्या नेझी या मुलानं वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर आपलं ‘आफत’ हे रॅप तयार केलं. त्याच्या आणि डिव्हाइनच्या गोष्टीवरून पुढे २०१९ साली ‘गली बॉय’ सिनेमा निघाला. धारावीत तर मुलांना रॅप आणि बीटबॉक्सिंग फुकट शिकवणारी शाळाच निघाली. २०२४ साली ‘तांबडी चामडी’ या क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या मराठी गाण्यावर कुठले कुठले लोक नाचले! आपली भाषा घेऊन नाचले, हे काय कमी आहे?

तुमची वर्गणी कोणती?

‘‘पण आमच्याकडे कुठे पैसे आहेत?’’ असं म्हणताय ना? वर्गणी काही फक्त पैशाचीच नसते. बघा, यातलं काय जमतं ते.

कानांची वर्गणी: महिन्यातून एकदा तरी समोर बसून वाजवलेलं संगीत ऐका. फुकट कार्यक्रमही पुष्कळ असतात. १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात पैसे न देता गाणं ऐकता येतं. देवळातलं भजन, नगरपालिकेच्या बागेतला कार्यक्रम, शाळेचं संमेलन, हेही संगीतच.

धीराची वर्गणी: शेवटपर्यंत बसा. मधेच उठून वडापाव खायला जाऊ नका. बैठकीत छान जागा आली की ‘वा!’ म्हणा. सिंफनीत मात्र सगळे भाग संपेपर्यंत टाळ्या थांबवा. आणि रॉकच्या कार्यक्रमात मनसोक्त ओरडा, तिथे ते चालतं!

नावाची वर्गणी: गाणं आवडलं, तर ते कुणी रचलं, कुणी वाजवलं हे शोधा आणि मित्रांना सांगताना नावासकट सांगा. गल्लीतल्या बेंजोवाल्या दादापासून सुरुवात करा.

शेजाऱ्याची वर्गणी: वरच्या मजल्यावरची ताई व्हायोलिनचे सूर घासतेय? कान दुखतात, खरंय! पण भिंतीवर थापा मारू नका. तिच्याशी बोलून वेळ ठरवून घ्या. आज बेसूर वाजवल्याशिवाय उद्या कुणालाच सुरात वाजवता येत नाही.

मंडळाची वर्गणी: दहा मुलं जमवा. महिन्याला दहा-दहा रुपये काढा. एखाद्याच्या घरी सतरंजी अंथरा आणि आपल्याच वस्तीतल्या एखाद्या वादकाला किंवा गाणाऱ्या काकूंना बोलवा. नारळ आणि जमलेली रक्कम पाकिटात घालून द्या. रक्कम लहान असली तरी चालेल, पण पाकीट रिकामं नको.

आणि आई-बाबांनो, थोडं तुमच्यासाठी! मुलाला पेटीच्या क्लासला घालता ना? मग त्याला कार्यक्रमालाही न्या. ओळखीनं फुकट पास मागण्यापेक्षा रांगेत उभं राहून तिकीट घ्या आणि ते मुलाच्या हातात द्या. सोसायटीच्या कार्यक्रमात केटरिंगवाल्याला पैसे देताना आपण कुरकुरत नाही. मग वाजवणाऱ्यालाच ‘‘तुम्हाला स्टेज मिळतंय की!’’ असं का ऐकवायचं?

तर मग, या आठवड्याचा अभ्यास. एक वही घ्या. तिच्यात तुमच्या गल्लीत, इमारतीत, शाळेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पाचजणांची नावं लिहा. नाव, वाद्य, कुणाकडे शिकले आणि त्यांचा पुढचा कार्यक्रम कधी आहे. मग त्यातल्या एका कार्यक्रमाला जा. एकटे जाऊ नका, दोन मित्रांना ओढून न्या!

त्या साठ रिकाम्या खुर्च्या आठवतायत ना? त्यातल्या तीन तरी भरल्या.